विज्ञानकथेतला माणूस : मराठीतल्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. परीक्षकांनी तिला पहिले बक्षीस दिले आणि मग उलगडा झाला की जगताप नावाचे कोणी गृहस्थ नाहीतच. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी लावून ते नाव तयार केले होते. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहिली होती. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना नारळीकरांनी ती लिहायला घेतली, हेही त्यांनीच पुढे सांगितले.

हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. तरी त्याने सुरुवात केली, कारण त्यात एक इच्छा दडलेली आहे. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने लिहिली म्हणून चांगली, असे कोणी म्हणू नये; कथा म्हणून ती टिकते का, तेवढेच पाहावे. पन्नास वर्षे उलटून गेली तरी मराठी विज्ञानकथेपुढचा प्रश्न हाच आहे. ती विज्ञान सांगण्यासाठी आहे, की विज्ञानाने आणि यंत्राने माणसाचे काय होते हे पाहण्यासाठी? आणि ज्या माणसाचे काही होते तो माणूस कुठला, कोणत्या घरातला, काय काम करणारा?

आधीची वाट

यंत्र आणि माणूस यांच्या गोष्टीची पाळेमुळे शोधताना सगळे जण मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पाशी जातात. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला, आणि त्या नाटकातले रोबो हे मुळात कामगार होते. आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी १८९६ साली बंगालीत तेलाने वादळ शमवण्याची कथा लिहिली. रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ च्या ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये स्त्रिया सूर्याची उष्णता वापरतात, शेती यंत्रांवर चालवतात आणि पुरुष पडद्यात बसतात. म्हणजे अगदी सुरुवातीपासून या प्रकारात यंत्राच्या आडून समाजाविषयीच बोलले जात होते.

मराठीत हे दालन उघडले ते अनुवादांनी. कृ. ना. आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’मध्ये १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रसफर क्रमशः येत होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानड्यांची ‘तारेचे हास्य’ आली आणि तिला सहसा मराठीतल्या आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत धरतात. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, तोही असा की व्हर्न मूळचा फ्रेंच आहे याचा मुलांना विसर पडावा. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने अद्‌भुताला हक्काची जागा दिली. नारायण धारप भयकथांसाठी ओळखले जातात, पण परग्रह आणि भविष्यकाळ यांवरही त्यांनी बरेच लिहिले. या सगळ्या काळात विज्ञानकथा, रहस्यकथा आणि भयकथा एकाच फळीवर ठेवलेल्या असत. सार्वजनिक वाचनालयांत आजही त्या बहुधा तशाच असतात.

चित्र बदलले १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाल्यावर. १९७० पासून परिषदेने कथास्पर्धा सुरू केली आणि चार वर्षांनी तिला जगताप नावाचे ते पाकीट मिळाले. पुढे मुकुंदराव किर्लोस्करांच्या आग्रहाने नारळीकर ‘किर्लोस्कर’ मासिकात लिहू लागले. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. इथून पुढे विज्ञानकथा म्हणजे काय यावर उघड चर्चा सुरू झाली.

विज्ञान आधी

पहिली भूमिका स्वतः नारळीकरांची, आणि त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच शास्त्रज्ञ-लेखकांची. कथेत विज्ञान खरे असले पाहिजे. आज सिद्ध झालेले नसले तरी ज्ञात नियमांशी ते विसंगत नसावे. जादूची कांडी काढून तिथे ‘किरण’ हा शब्द ठेवला म्हणजे विज्ञानकथा होत नाही. दुसरे, ज्या समाजात ग्रहणात जेवायचे की नाही यावर घरोघर वाद होतात, तिथे विज्ञानकथेने विवेकाचे काम केले तर त्यात कमीपणा नाही. त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा धूमकेतूला अशुभ मानणाऱ्या मनाशी थेट बोलते.

या भूमिकेवर ‘मग ते पाठ्यपुस्तकच झाले’ असा आक्षेप घेतला जातो. तो सरसकट लावणे मला योग्य वाटत नाही. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. मोबियसच्या पट्टीची कल्पना, म्हणजे पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडली की त्यावरून फिरून आलेली आकृती उलटी होते, ही गणिताच्या वर्गात समजावून सांगायलाही अवघड. कथेत ती येते एका क्रिकेटपटूच्या रूपाने. उजव्या हाताचा गोलंदाज आरशातल्या प्रतिबिंबासारखा डावा होऊन मैदानात उतरतो. आणि शेजारी आहे गणपतीची मूर्ती, जिची सोंड वळलेली दिशा मराठी घरात कोणी नजरेआड करत नाही. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे वेगळे, हे ज्याला माहीत आहे त्याला ती उलटलेली सोंड पाहून जे वाटते ते इंग्रजी वाचकाला तळटीप देऊनही वाटणार नाही. इथे विज्ञान खरे आहे आणि घरही खरे आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’बद्दलही तेच म्हणता येईल, पानिपतचा निकाल वेगळा लागला असता तर, हे मराठी मनातले खोलवरचे शल्य आहे. तीच कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली आणि देशभरच्या मुलांनी वाचली.

पण समाजाच्या दृष्टीने त्या पहिल्या संग्रहातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘पुत्रवती भव’. मुलगाच व्हावा असे तंत्र हाती आले तर काय होईल, हा तिचा विषय. शीर्षक म्हणजे सासुरवाशिणीने वाकून नमस्कार केला की मिळणारा आशीर्वाद. कथासंग्रह १९७९ चा. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला १९८८ मध्ये, केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात मुली होत्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते. त्या पाटीखालच्या बाकावर बसलेली बाई, शेजारी सासू, हातात फाइल, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. विज्ञान आधी ठेवणाऱ्या लेखकाने माणसाला मागे टाकले नव्हते, हे मान्य करावेच लागते.

माणूस आधी

दुसरी भूमिका आकाराला आली ती १९८० नंतर. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे, बाळ फोंडके, निरंजन घाटे ही या काळातली नावे. यात फोंडके आणि घाटे दोन्ही बाजूंना पाय ठेवून आहेत. या लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे : वैज्ञानिक कल्पना हे निमित्त. तिने माणसांच्या नात्यांत, नीतीत, स्वतःकडे पाहण्याच्या रीतीत जी उलथापालथ होते ती खरी कथा. उपकरण कसे चालते हे दोन ओळींत सांगून टाकावे आणि ज्याच्या घरात ते आले त्याच्याकडे वळावे.

लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ मेंदूरोपणाच्या कल्पनेवर उभी आहे. शस्त्रक्रिया कशी होईल यापेक्षा मेंदू एकाचा आणि देह दुसऱ्याचा असेल तर ‘मी’ कोण, हा प्रश्न तिथे वाचकाला पकडतो. शुभदा गोगट्यांची ‘यंत्रायणी’ यंत्रांच्या हाती गेलेल्या समाजाबद्दल बोलते, आणि घरातला संगणक ही कल्पनाच मराठी वाचकाला नवी होती त्या काळात बोलते. अरुण साधू हे मूळचे राजकीय कादंबरीकार आणि पत्रकार. ‘विप्लवा’ लिहिताना त्यांनी सत्तेबद्दलची आपली समज विज्ञानकादंबरीत आणली. १९९३ मध्ये बाळ फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह केला. त्यात मराठी लेखकांच्या कथा लक्षणीय संख्येने आहेत, आणि भारतीय विज्ञानकथेवर लिहिणारे अभ्यासक आजही त्या संग्रहाकडे वळतात.

जावडेकरांपाशी थोडे थांबायला हवे. ते रसायन अभियंते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतल्या वस्त्यांवर पसरला. त्या घटनेवर त्यांनी ‘आकांत’ ही कादंबरी लिहिली. तिला विज्ञानकथा म्हणायचे का? तिच्यात भविष्यकाळ नाही, परग्रह नाही, अजून न लागलेला शोध नाही. आहे ते कारखान्यातले तंत्रज्ञान, त्याची देखभाल, त्यावर टाकलेला भरवसा आणि त्याची किंमत मोजणारी माणसे. ‘विज्ञान आधी’ म्हणणाऱ्याला ती वास्तववादी कादंबरी वाटेल. ‘माणूस आधी’ म्हणणाऱ्याला ती या प्रकाराचा गाभा वाटेल. मला दुसरे मत जवळचे वाटते, पण पहिल्यातही तथ्य आहे : सीमा इतकी पसरवली तर शब्दाला अर्थ उरत नाही.

या दोन भूमिकांत दरी आहे, पण वैर नाही. वामनाची कथा दोघांनीही उचलली, यावरून ते दिसते. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या १९८६ च्या कादंबरीत वामन हा बुद्धिमान यंत्रमानव आहे. त्याला सगळे येते. फक्त स्वतःसारखा दुसरा घडवण्याची शक्ती निर्मात्यांनी राखून ठेवलेली असते आणि नेमकी तीच त्याला हवी असते. जावडेकरांच्या कथासंग्रहाचे नाव ‘वामनाचं चौथं पाऊल’. बटू येतो, थोडेसे मागतो आणि बळीच्या डोक्यावर पाय ठेवतो. दारात आलेल्या यंत्राबद्दलची भीती मराठी माणसाला या गोष्टीतून जितक्या पटकन कळते तितकी फ्रँकेन्स्टाइनच्या नावाने कळत नाही. बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या या मुलखात सहानुभूती बळीकडे असते, वामनाकडे नाही. दोन्ही लेखकांनी हे मनाशी ठरवून केले की ते सहज घडले, यावर कोणी अभ्यासकाने लिहायला हवे.

शिक्का नसलेली पुस्तके

तिसरी भूमिका विज्ञानकथेच्या वर्तुळाबाहेरून येते. तिचे म्हणणे असे की तंत्रज्ञानाने मराठी समाजाचे काय केले हे पाहायचे तर विज्ञानकथेचे कपाट पुरेसे नाही. मामा वरेरकरांच्या १९३३ च्या ‘धावता धोटा’मध्ये मुंबईची कापडगिरणी आणि तिच्या तालावर जगणारा कामगार आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तेव्हा चाळीतल्या एका खोलीत एक कुटुंब कसे उसवत गेले ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने दाखवले. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरण आहे, म्हणजे अभियांत्रिकीचा मोठा पराक्रम, आणि त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचे लोक आहेत. त्या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यांपैकी एकावरही ‘विज्ञानकथा’ असा शिक्का नाही.

या मांडणीला एक टोकदार बाजू आहे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. दोन वर्षांनी ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळाले. एकाच मुंबईत, एकाच दशकात मराठी साहित्यात दोन नव्या वाटा फुटल्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ फारशी पडली नाही. विज्ञानकथेतला नायक पुष्कळदा प्राध्यापक, शास्त्रज्ञ, अभियंता. त्याचे घर पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात. गटारात उतरणारा, ऊस तोडणारा, पॉवरलूमवर रात्रपाळी करणारा माणूस त्या भविष्यकाळात क्वचितच दिसतो. हा आक्षेप न्याय्य आहे. त्याला दिले जाणारे उत्तरही ऐकण्यासारखे आहे : या लेखकांनी आपल्याला माहीत असलेल्या जगाबद्दल प्रामाणिकपणे लिहिले, आणि प्रयोगशाळेतले मराठी जीवन त्यांच्याआधी कोणी रंगवलेच नव्हते.

श्याम मनोहरांचे नाव इथे वेगळे काढून घ्यावे लागते. भौतिकशास्त्राचे हे माजी अध्यापक विज्ञानकथा लिहीत नाहीत. पण मराठी घरात ज्ञानाची भूक का नाही, शोध घ्यावा असे आपल्याला का वाटत नाही, हे त्यांच्या कादंबऱ्या आणि नाटके सतत विचारत आली. यंत्रे आली, वृत्ती आली नाही, हे दुखणे त्यांच्याइतके चिकाटीने कोणी धरून ठेवलेले नाही. विज्ञान परिषदेच्या कार्यकर्त्याला आणि श्याम मनोहरांच्या वाचकाला एका खोलीत बसवले तर दोघांची तक्रार एकच निघेल.

न सुटलेले

काही प्रश्न तसेच राहिले आहेत.

एक, वाचक कोण? मराठीत विज्ञानकथा मुलांची समजली जाते. भा. रा. भागवतांची पुण्याई मोठी, पण तिचा एक परिणाम असा झाला की मोठ्यांच्या समीक्षेत हा प्रकार उंबरठ्यावरच उभा राहिला. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत. हा बहुमान विज्ञानकथेचा होता की शास्त्रज्ञाचा? मला तो दोन्हींचा वाटला, पण विज्ञानकथा वाचणाऱ्यांत यावर एकमत नाही. २० मे २०२५ ला त्यांचे निधन झाले तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत त्यांचे विश्वरचनाशास्त्र आधी होते आणि कथा नंतर.

दोन, भाषा. ‘कृष्णविवर’ हा घडवलेला शब्द रुळला, ‘यंत्रमानव’ अर्धा रुळला, ‘संगणक’ सरकारी कागदावर राहतो आणि तोंडात ‘कॉम्प्युटर’ येतो. आजच्या कथेतल्या मुलीने ‘उपयोजन’ म्हणायचे की ‘ॲप’? ज्येष्ठ लेखक परिभाषेचा आग्रह धरतात, नंतरचे बोलीचा. शब्द कुठला निवडला यावर माणूस कुठला आहे ते ठरते, म्हणून हा वाद किरकोळ नाही.

तीन, आणि सध्या सर्वांत निकडीचा : वर्तमान काळ कल्पनेला गाठून पुढे जातो आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि बोलणारे यंत्र ही भविष्यकाळाची गोष्ट राहिली नाही. मेघश्री दळवींसारखे लेखक संगणकाच्या जगातले बारकावे जाणून लिहीत आहेत. तरी एक कथा मी शोधतो आहे आणि मला ती अजून भेटलेली नाही. रात्री साडेदहाला इमारतीच्या फाटकापाशी पावसात उभा असलेला डिलिव्हरीवाला मुलगा घ्या. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. वॉचमन त्याला लिफ्ट वापरू देत नाही, वर गिऱ्हाईक घड्याळाकडे बघते आहे, आणि उशीर झाला तर रेटिंग कमी करणारा मालक कुठेच दिसत नाही, कारण तो माणूस नाही. चापेकचा रोबो कामगार होता. इथे कामगारावर हुकूम चालवणारेच यंत्र आहे. वरच्या तिन्ही भूमिका या मुलापाशी एकत्र येऊ शकतात. त्याला कोणता हुकूम कुठून येतो हे नेमके सांगणारा नारळीकरांसारखा जाणकार हवा, त्याच्या मनात उतरणारे लोंढे-जावडेकर हवेत, आणि त्याच्या वस्तीतून आलेला लेखक हवा.

चार, दप्तर. मराठी विज्ञानकथेचा मोठा भाग दिवाळी अंकांत आणि मासिकांत विखुरला आहे. संग्रहांत आलेल्या कथा मिळतात, बाकीच्यांचा माग काढणे कष्टाचे काम आहे. कोणती कथा आधीची, कोणावर कोणाचा प्रभाव, बायकांनी किती लिहिले, गावाकडून किती कथा आल्या, ही सगळी विधाने आपण, मीसुद्धा, हाताशी असलेल्या थोड्या कागदांवरून करतो. पूर्ण सूची झाल्याशिवाय वरच्या वादांतला कुठलाही निकाल पक्का धरता येणार नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ‘किर्लोस्कर’, ‘नवल’, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका किंवा सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवाळी अंक निघाले तर ते रद्दीत घालू नका. आधी अनुक्रमणिका उघडा. तीत एखादी विज्ञानकथा असेल तर लेखकाचे नाव, वर्ष आणि पान टिपून ठेवा, आणि अंक जवळच्या ग्रंथालयाला द्या.